दिराच्या डब्यातले डॅनिश क्रोन: काय चालेल, काय गेलं?

नाशिकची_वहिनी:
दीर आरहूसला पवनचक्क्यांच्या कामावर होता. परत येताना उरलेले पैसे एका डब्यात घालून आणले, ते आमच्याच कपाटात पडून आहेत. हजाराच्या दोन नोटा, पाचशेच्या तीन, एका बाईचं चित्र असलेली जुनी पन्नासची आणि मूठभर खुर्दा. इथला मनी चेंजर म्हणाला, "डॉलर-युरो असतील तर आणा." नाण्यांकडे त्याने बघितलंसुद्धा नाही. एप्रिल २०२६ मध्ये बहिणीकडे कोपनहेगनला जातेय. तिथे खपतील का?

वाल्बीकर:
ताई, बरं झालं आत्ताच विचारलंत. हजाराची नोट ३१ मे २०२५ ला चलनातून गेली. २००९ च्या मालिकेआधीच्या सगळ्या नोटाही तिच्याबरोबरच गेल्या. दुकानदार आता हात लावणार नाही. पण डान्मार्क्स नॅशनलबँक, म्हणजे इथली रिझर्व्ह बँक, ३१ मे २०२६ पर्यंत बदलून देते. त्यानंतर शोभेला ठेवा.

ओळखायचं सोपं आहे. चेहरा दिसला की जुनी, पूल दिसला की चालू. तुमच्या पन्नासवरची बाई म्हणजे लेखिका कारेन ब्लिक्सन, ती नोट बाद. अपवाद एकच: हजारावर स्टोरेबेल्टचा पूल आहे, तरीही ती बाद. पाचशेवर पूल असेल तर खुशाल खर्च करा.

बँकेत पासपोर्ट न्या. पैसे कुठून आले हेही विचारू शकतात, म्हणून दिराच्या पगाराची किंवा एटीएमची जुनी चिठ्ठी असेल तर बरोबर ठेवा. अर्ज कसा करायचा ते त्यांच्या साइटवर आधी बघा, उगाच हेलपाटा नको.

आणि आपल्यासारखं रात्री आठला टीव्हीवर येऊन नाही सांगितलं हो! २०२३ अखेरीसच जाहीर केलं होतं. तरी माझ्या ओळखीतल्या अर्ध्या लोकांना पत्ता नव्हता, कारण रोख वापरतंय कोण इथे?

नाशिकची_वहिनी:
पाचशेवर पूलच आहे, हुश्श! खुर्द्याचं काय? बरीच भोकवाली आहेत, थोडी तांबूस.

वाल्बीकर:
भोकवाली १, २ आणि ५ क्रोनची, चालतात. तांबूस नाण्यांवरचा आकडा वाचा. ५० ओरे (ओरे म्हणजे क्रोनचा शंभरावा भाग, आपल्या पैशासारखा) चालू. २५ ओरे २००८ मध्येच बंद झालं, बदलायची मुदतही २०११ ला संपली. ते भाच्यांना खेळायला द्या. सुपरमार्केटात सगळा खुर्दा एकदम ओतू नका. एका प्रकारची २५ पेक्षा जास्त नाणी एका वेळी घ्यायला दुकानदार बांधील नाही.

कोथरूडचा_नाणेवाला:
२५ ओरेचे इकडे कुणी पैसे देणार नाही, ढिगाने मिळतात. पण घरात ठेवायला हरकत नाही. परदेशी नाणी कितीही ठेवता येतात, मर्यादा नोटांना आहे, २००० डॉलरएवढी. ब्लिक्सनबाईंची नोट कोरी करकरीत असेल तर मात्र बदलण्याआधी मला एक फोटो टाका.

नाशिकची_वहिनी:
कोरी कसली, मधोमध घडी आणि कोपऱ्यावर हळदीचा डाग! बँकेतच देते.