कामाच्या मशीनला एक्स८६ च कशाला? आर्म घ्यावं म्हणतोय, अडवायचं तर अडवा

परभणीचा_उन्हाळा (धागाकर्ता)
माझं जुनं वर्कस्टेशन मे महिन्यात गेलं. मदरबोर्ड. दुरुस्तीवाल्यानं नुसता वास घेऊन सांगितलं. आता नवं घ्यायचंय, खिशात ७०,००० आहेत. काम दोनच: तालुकावार पावसाच्या नोंदींवरून जमिनीतल्या ओलीचा हिशेब काढणारा प्रोग्राम, आणि मराठी मजकुरात शब्द शोधणारं एक छोटं साधन. दोन्ही सी मध्ये, दोन्ही मीच लिहिलेले, दिवसभर चालू. डेबियन लिनक्स, टर्मिनल, जीसीसी कंपाइलर, व्हीआय एडिटर. गेम नाहीत, विंडोज नाही.

मग एक्स८६ (नेहमीच्या इंटेल-एएमडी पीसीतली प्रोसेसरची जात) घ्यायचं ते कशासाठी? निव्वळ सवय म्हणून. ती १९७८ च्या ८०८६ ची पुण्याई. आजचा कोराकरकरीत प्रोसेसरही वीज आल्या आल्या आधी आपण ८०८६ असल्याचं सोंग करतो आणि मग टप्प्याटप्प्यानं ६४ बिटांवर येतो. माझा जुना डबा काही न करता बसला तरी ७०-८० वॅट खायचा. अ‍ॅपलच्याच आकड्यांनुसार एम१ (त्यांचा आर्म जातीचा, म्हणजे फोनमध्ये असतो तसल्या जातीचा प्रोसेसर) असलेला मॅक मिनी निवांत असताना ७ वॅटच्या आत, पूर्ण ताणाला ३९. दुपारी लाईट गेल्यावर इन्व्हर्टर किती वेळ खेचतो आणि वर पत्रे असलेल्या खोलीत ४३ अंशात पंख्याचा आवाज किती होतो, हे ज्यानं भोगलंय त्याला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. सेकंडहँड एम१ मिनी घ्यायचा, त्यावर 'असाही' नावाचं, या मशीनांसाठीच बनवलेलं लिनक्स टाकायचं, असा बेत आहे.

लातूरचा_डबा
सोंग करतो तर करू द्या की. चालू तर होतो.

आर्मवाल्यांची बोंब तिथंच हाय. पेनड्राईव्हवर डेबियन घ्या, बाजारातल्या कुठल्याबी पीसीला लावा, सुरू होतंय. आर्ममध्ये बोर्ड बदलला की इमेज बदलली. कोणतं यंत्र कुठं जोडलंय ते कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) सांगायला प्रत्येक बोर्डाची वेगळी डिव्हाइस ट्री. बोर्डवाल्यानं दोन वर्षांनी अंग काढून घेतलं की तुम्ही त्याच जुन्या कर्नलवर बसा जप करत. आर्मचे मोठे सर्व्हर पीसीसारखेच यूईएफआय वर (बूटच्या ठरलेल्या एकाच रीतीवर) चालतात म्हणे. चालू द्या, ७०,००० मध्ये तुम्हाला देतंय कोण?

दुसरं. माझ्या पीसीचा एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) दोनदा जळाला. दोन्ही वेळेस गांधी चौकात गेलो, तासाभरात नवा बसवून परत कामाला. रॅम गेली तर रॅम, डिस्क गेली तर डिस्क. तुमच्या मिनीत रॅम चिकटवलेली, एसएसडी चिकटवलेली. आतली एसएसडी मेली तर बाहेरची डिस्क लावूनबी ते उठत नाही, कारण सुरुवातीचा बूट आतूनच होतो. मग काय करायलात, पेपरवेट?

आणि टेंडर भरायच्या डिजिटल सहीचं टोकन? माझ्या टोकनाचा लिनक्स ड्रायव्हर फक्त एक्स८६ चा बायनरी मिळाला. सोर्स मागितला तर कंपनीच्या माणसाला वाटलं मी सोर्स म्हणजे वशिला मागतोय.

किनवटचं_जंगल
टोकनाचा मुद्दा जिंकला. बाकी चालू द्या.

जुना_सनवाला (नांदेड)
१९९० च्या दशकात एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या लॅबमध्ये सन कंपनीची, स्पार्क प्रोसेसरची स्पार्कस्टेशनं होती, पिझ्झाच्या खोक्यासारखी चपटी. (पिझ्झा आम्ही पुढं कैक वर्षांनी पाहिला. तेव्हा आम्हाला ती किराणा दुकानातल्या गल्ल्यासारखी वाटायची.) एसी त्या एकाच खोलीला होता, त्यामुळे होळी झाली की स्थापत्यच्या पोरांनाही युनिक्सची गोडी लागायची. स्टॉप आणि ए ही दोन बटणं दाबली की चालू सिस्टिम जागच्या जागी थांबून 'ओके' असा प्रॉम्प्ट यायचा आणि मशीन थेट फोर्थ भाषेत बोलायला लागायचं. एकानं ऐन प्रॅक्टिकलमध्ये ती दाबली होती. तो आता प्राचार्य आहे.

हे पाल्हाळ एवढ्यासाठी की त्या काळी आम्हीही असेच भांडायचो. स्पार्क की अल्फा, मिप्स की पीए-रिस्क, सगळे तेव्हाचे प्रोसेसर. कागदावर इंटेलची कीव यायची. डेक कंपनीची अल्फा १९९२ मध्ये आली, पहिल्या दिवसापासून ६४ बिटांची, आणि वेगात भल्याभल्यांना मागं टाकायची. तिला कोणत्या प्रोसेसरनं हरवलं नाही. १९९८ मध्ये कॉम्पॅकनं डेक विकत घेतली आणि २००१ मध्ये इंटेलच्या इटॅनियम प्रोसेसरच्या नादी लागून अल्फाचं पुढचं काम बंद केलं. मिप्सवर चालणारा आयरिक्स हा युनिक्स २००६ मध्ये संपला. स्पार्कची शेवटची वर्कस्टेशनंही त्याच वर्षीची, त्यानंतर जे आले ते सर्व्हर. आणि ज्याच्यासाठी एवढ्यांच्या माना कापल्या त्या इटॅनियमची शेवटची खेप २०२१ मध्ये निघाली, जानेवारी २०२४ च्या लिनक्स ६.७ कर्नलमधून त्याचा आधारही काढला. अल्फावर त्यानंतरही लिनक्स चढत होतं. मारणारा आधी गेला.

म्हणून मी प्रश्न वेगळा विचारतो: मशीन बनवणारा उद्या उठून गेला तर तुमच्या हातात काय उरतं? लातूरकर ज्याला एक्स८६ म्हणतायत ते खरं तर पीसी आहे. ढीगभर कंपन्यांचे एकमेकांत बसणारे सुटे भाग आणि सगळ्यांनी पाळलेली बूटची एकच रीत. तुम्ही ज्याला आर्म म्हणताय ती अ‍ॅपल नावाच्या एका घरची वस्तू आहे. हार्डवेअरचे कागद ते घर देत नाही, असाहीच्या मंडळींनी ते एकेक करून उकरून काढले. त्यांच्या चिकाटीला दंडवत, पण त्या चिकाटीवर माझी रोजीरोटी मी टांगणार नाही. आर्मच हवं तर रास्पबेरी पाय ५ हा छोटा एका बोर्डाचा कॉम्प्युटर घ्या. हळू आहे, पण तो इतके लोक बाळगून आहेत की अडलात तर कोणीतरी आधीच तिथं अडलेला असतो.

जाता जाता: तुमच्या पावसाच्या जुन्या नोंदी बायनरी फाइलीत असतील तर त्या कोणत्या मशीनवर लिहिल्या ते तपासा. स्पार्क मोठा बाइट आधी लिहितो, इंटेल लहान. मी एकदा स्पार्कवरची फाइल तशीच पीसीवर वाचली, तर १ मिलिमीटरच्या जागी १,६७,७७,२१६ मिलिमीटर पाऊस आला. बीड जिल्ह्यात.

लातूरचा_डबा
बीडला तेवढा पडला असता तर हा धागाच वाहून गेला असता. सर, तुम्ही माझ्या बाजूनं बोलायलात का त्यांच्या?

जुना_सनवाला
कोणाच्याच नाही. वय झालं.

पैठणगेट
इथं रिस्क-फाइव्हचं (एक्स८६, आर्मसारखीच प्रोसेसरची आणखी एक जात) नाव कोणीच काढेना. २०१० मध्ये बर्कलेत सुरू झालं, परवान्याचे पैसे नाहीत, कोणाचीही मक्तेदारी नाही. आपल्याकडं आयआयटी मद्रासचा शक्ती प्रोसेसर आहे, सी-डॅकचा वेगा आहे. डेबियन १३ मध्ये २०२५ पासून अधिकृत आहे. सनवाल्या काकांचा प्रश्नच आहे ना, बनवणारा गेला तर काय? इथं दुसरा बनवू शकतो.

लातूरचा_डबा
बाळा, तुझ्या बोर्डवर कर्नल कंपाइल व्हायला किती वेळ लागतो ते सांग, मग पुढं बोलू.

पैठणगेट
रात्री लावतो, सकाळी बघतो.

लातूरचा_डबा
कधीच्या सकाळी?

जुना_सनवाला
पोराला एकदम झोडपू नका, मुद्दा बरोबर आहे, फक्त आजचा नाही. एक गैरसमज मात्र काढू. रिस्क-फाइव्हमध्ये खुली आहे ती आज्ञांची बाराखडी. बाराखडी सगळ्यांची असली म्हणून छापलेलं पुस्तक फुकट मिळत नाही. तुझ्या बोर्डवरच्या चिपचा आराखडा बंद असू शकतो, ग्राफिक्स तर बहुधा बंदच. शक्तीसारखे आराखडे खुले आहेत, पण त्यांची वर्कस्टेशन दुकानात मिळत नाही अजून.

गोदाकाठ
धागाकर्त्यांना माझा एकच प्रश्न. मशीन बदलायच्या आधी तुमचा प्रोग्राम दुसऱ्या आर्किटेक्चरवर एकदा तरी चालवलाय का? 'सी मध्ये आहे, कंपाइल केलं की झालं' असं सगळेच म्हणतात. दोन थ्रेड (एकाच प्रोग्रामची एका वेळी चालणारी दोन कामं) असतील आणि मध्ये साधं फ्लॅग व्हेरिएबल ठेवून काम भागवलं असेल, तर एक्स८६ तुम्हाला सांभाळून घेतं, कारण मेमरीत लिहिण्याचा क्रम ते दुसऱ्या कोअरला उलटसुलट दिसू देत नाही. आर्म तसं वचन देत नाही. आधी डेटा लिहिला, मग फ्लॅग लावला, तरी पलीकडच्या थ्रेडला फ्लॅग आधी दिसू शकतो. तुमची चूक तीच असते, इतकी वर्षं झाकली गेलेली.

परभणीचा_उन्हाळा
थ्रेड नाहीत माझ्याकडं, त्या बाबतीत सुखी आहे. मित्राकडं पाय ५ आहे, रविवारी चालवून बघतो.

परभणीचा_उन्हाळा
चालवलं. जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

शोधाचा प्रोग्राम एकही वॉर्निंग न देता कंपाइल झाला, चालला, आणि काहीच सापडलं नाही. 'पाऊस' शोधला, शून्य. 'शेत' शोधलं, शून्य. इंग्रजी शब्द मात्र सगळे सापडले. तासभर फाइलीवर संशय घेतला, मग मित्रावर. शेवटी दिसलं. बाइट देवनागरीचा आहे का ते ओळखायला मी तो शून्यापेक्षा लहान आहे का एवढंच बघत होतो. यूटीएफ-८ (मजकूर बाइटांत साठवायची रीत) मध्ये देवनागरी अक्षराचा पहिला बाइट २२४. एक्स८६ लिनक्सवर सी मधला कॅर हा एका बाइटचा प्रकार चिन्हासकट (अधिक-उणे दोन्ही) धरतात, म्हणून २२४ चे उणे ३२ होतात आणि माझी अट जुळते. आर्म लिनक्सवर तो बिनचिन्हाचा, २२४ म्हणजे २२४. शून्यापेक्षा लहान कधीच होणार नाही. म्हणजे माझं मराठी शोधायचं साधन आर्मवर मराठी सोडून सगळं शोधत होतं.

ओलीच्या हिशेबात बेरजा बाराव्या-तेराव्या दशांशाला वेगळ्या आल्या. ते जीसीसीचं काम निघालं: आर्मवर ते गुणाकार आणि बेरीज एकाच आज्ञेत उरकतं, मध्ये राउंडिंग करत नाही. मातीला बाराव्या दशांशाचं काही पडलेलं नसतं, ते सोडून दिलं.

लातूरचा_डबा
हेच म्हणत होतो पहिल्यापासून. एक्स८६ वर राहिला असता तर रविवार वाचला असता.

गोदाकाठ
आणि चूक राहिली असती. आर्मवर कंपाइल करताना एक्स्ट्रा वॉर्निंगचा पर्याय लावला असता तर जीसीसीनं त्याच ओळीवर बोट ठेवलं असतं, ही तुलना कायम खोटी म्हणून.

जुना_सनवाला
यात एक मेख आहे. हाच प्रोग्राम एम१ वर मॅकओएसमध्ये चालवला असता तर नीट चालला असता, कारण अ‍ॅपल आर्मवरही कॅर चिन्हासकट ठेवतं. त्याच मशीनवर असाही टाकलं की पुन्हा बिघडला असता. म्हणजे सिलिकॉन तेच, कायदा घरमालकाचा. रिस्क-फाइव्ह लिनक्सवरही बिनचिन्हाचाच, पैठणगेट, तुझ्याकडंही हेच झालं असतं.

पैठणगेट
झालं असतं, पण सकाळी कळलं असतं.

परभणीचा_उन्हाळा
मिनीचा बेत रद्द, एसएसडीच्या मुद्द्यावर. चारजणांनी वापरून टाकलेला एम१ घेऊन मी रोज त्याची नाडी बघत बसणार नाही. पाय ५ घेतोय, १६ जीबीचा, वर एनव्हीएमई एसएसडी. हळू तर हळू. लातूरकर, उरलेल्या पैशात तुमच्या गांधी चौकातून एखादा जुना ऑफिसातला पीसी बघून ठेवता का? टोकन त्याला लावीन, महिन्यातून दोनदा चालू करीन.

लातूरचा_डबा
शेवटी आलातच. बघतो. पण आधी ती शून्यापेक्षा लहानवाली ओळ सुधारून इथं टाका, तुमचं साधन माझ्या दुकानातली पोरं बी वापरायलेत, आणि एकानं कालच पाय विकत घेतलाय.