रँग्लर घेताय: स्पोर्ट, सहारा की रुबिकॉन? तुमचे अनुभव सांगा

जीप रँग्लर घ्यायची हे पक्कं झालंय पण व्हेरियंटवर घोडं अडलंय. ब्रोशर तोंडपाठ आहे, त्यामुळे फीचर्सची यादी नको. ज्यांनी वापरलीये त्यांनी लिहा, काय खरंच कामाला आलं आणि कशाचे पैसे उगाच गेले असं वाटलं.

---

रुबिकॉन. सगळे लॉकर लॉकर करतात (लॉकर म्हणजे एका अ‍ॅक्सलची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारी सोय) पण मला विचाराल तर खरी मजा लो रेंजची आहे, म्हणजे वेग कमी करून जोर वाढवणाऱ्या जादा गिअरची, स्पोर्टला २.७२:१ आणि रुबिकॉनला ४:१. कागदावर एवढासा फरक दिसतो पण दगडगोट्यांच्या तीव्र उतारावर लो रेंजमध्ये पहिला गिअर टाकून क्लच सोडला की गाडी इंजिनच्या जोरावर एकेक दगड चाचपत उतरते, ब्रेकला पाय लावायची गरजच पडत नाही. आणि ही गोष्ट नंतर बाहेरून बसवायची म्हणजे ट्रान्सफर केसच (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी गिअरची पेटी) बदलायची, त्यापेक्षा कंपनीतूनच घ्या.

---

माझ्याकडे स्पोर्ट आहे आणि मी खूश आहे. माती, वाळू, नदीपात्र एवढंच असेल तर आधी टायरवर खर्च करा. रिम १७ इंची म्हणजे टायरची भिंत उंच मिळते, वाळूत हवा कमी केली की टायर पसरतो आणि गाडी रुतत नाही, फक्त परत डांबरावर यायच्या आधी हवा भरायची म्हणून छोटा कॉम्प्रेसर कायम गाडीत ठेवा. मात्र दगडांत जायची खाज असेल तर स्पोर्टचा पुढचा अ‍ॅक्सल हलका असतो हे आधीच लक्षात घ्या, मोठे टायर टाकले की त्याच्यावर ताण येतो.

---

सहारा! आमच्याकडे घरातले सगळे बसतात, हायवे जास्त, पाऊस जास्त. सहाराला फुल टाइम फोर व्हील ड्राइव्हचा पर्याय मिळतो तो आवर्जून घ्या. पार्ट टाइमवाली गाडी कोरड्या रस्त्यावर फोर व्हीलमध्ये चालवायची नाही, वळताना पुढची मागची चाकं एकमेकांशी भांडतात. अर्धा रस्ता ओला अर्धा कोरडा असला की सारखं टू-फोर करत बसावं लागतं, आम्ही ऑटोवर टाकतो आणि विसरून जातो. रुबिकॉनच्या मड टायरचा हायवेवरचा आवाजही एकदा ऐकून घ्या, मुलं मागे झोपणार असतील तर फार फरक पडतो.

---

लॉकरबद्दल थोडं. चर तिरका ओलांडताना पुढचं एक आणि मागचं विरुद्ध बाजूचं चाक अधांतरी होतं, मग साध्या डिफरन्शियलमुळे (अ‍ॅक्सलच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर) हवेतलं चाक गरगर फिरतं आणि जमिनीवरचं ढिम्म. ट्रॅक्शन कंट्रोल फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून बरंच काम भागवतो, पण आधी चाक घसरतं मग तो जागा होतो. लॉकरमध्ये दोन्ही चाकं पहिल्यापासून एकत्र फिरतात, म्हणून वेग न घेता शांतपणे पार होता येतं. असे चर तुमच्या वाटेत येतात का एवढंच बघा, नसतील तर रुबिकॉनवर पैसे घालू नका.

---

जुनी रुबिकॉन बघत असाल तर ट्रायलला मऊ मातीवर नेऊन फोर लो (फोर व्हीलची लो रेंज) टाका, मागचा लॉकर लावा मग पुढचा. दिवा आधी लुकलुकतो आणि लॉक बसला की स्थिर होतो. पुढेमागे हलवूनही लुकलुकतच राहिला तर मेकॅनिकला दाखवल्याशिवाय टोकन देऊ नका. स्वे बार (वळणावर गाडी कलू न देणारा दांडा) डिस्कनेक्टचं बटणही तेव्हाच दाबून बघा.