सल्ला हवा: यानाला चौथ्या मितीतून कसं न्यावं?

लंबवर्तुळ:
दिवाळी अंकासाठी विज्ञानकथा लिहायला घेतलीय. नायिका प्रॉक्सिमा सेंटॉरी या ताऱ्याकडे निघते, अंतर ४.२४ प्रकाशवर्षं. सकाळी निघून संध्याकाळी पोचायला हवी. 'यान चौथ्या मितीत शिरलं आणि अंतर नाहीसं झालं' असं लिहून मोकळा झालो होतो. बारावीतल्या भाचीने वाचून विचारलं, "मामा, एक मिती वाढली तर अंतर कमी का होईल?" गप्प बसलो. काय वाचू?

घडीमोड:
भाचीला साष्टांग दंडवत. सपाट टेबलावर मुंगीला सरळ रेषाच सगळ्यात जवळची. तिला पंख फुटले तरी उडून जाण्यात रस्ता वाढणारच. पायथागोरसात आणखी एक वर्ग मिळवायचा असतो, वजा नाही करायचा. जादा मितीचा फायदा अवकाश वाकलेलं असेल तरच. मुंबई ते न्यूयॉर्क पृष्ठभागावरून साधारण १२,५०० किमी. पृथ्वीच्या पोटातून सरळ बोगदा काढला तर साधारण १०,६००. बचत एवढीच! तुम्हाला घट्ट घडी लागेल. घडीची पोळी करताना बघा: लाटलेली चकती दुमडली की लांबची दोन टोकं एकमेकांवर येतात, मध्ये फक्त तेलाचा हात. मुंगी कडेने फिरून जाईल, नाहीतर भोक पाडून पलीकडे.

सुपारीबाग:
पोळी चालेल, पण कागद दुमडून पेन्सिल खुपसणारा शास्त्रज्ञ कृपया नको. चोथा झालाय त्याचा.

भोक आणि हायपरस्पेस यांची भेसळही करू नका. हायपरस्पेसमध्ये यान आपलं अवकाश सोडून शेजारच्या अवकाशात उतरतं, जिथला एक कोस म्हणजे इथले अब्जावधी. घडी लागत नाही, पण प्रवास करावा लागतो.

मिती कळायला अ‍ॅबटचं 'फ्लॅटलँड' (१८८४) वाचा, छोटंसंच आहे. मग कार्ल सेगनची कादंबरी 'कॉन्टॅक्ट' (१९८५). तिच्या नायिकेला कृष्णविवरातून न्यायचा सेगनचा विचार होता; भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्नना विचारल्यावर थॉर्ननी वर्महोल सुचवलं, म्हणजे अवकाशातल्या दोन लांबच्या जागा जोडणारं भोक. त्याच धाग्यातून १९८८ साली मॉरिस आणि थॉर्न यांचा शोधनिबंध आला. असं भोक उघडं धरायला ऋण, म्हणजे शून्याहूनही कमी, ऊर्जा लागते. कथेला अडचण आयतीच मिळाली.

लंबवर्तुळ:
आणि स्ट्रिंग थिअरीत, म्हणजे मूलकणांना बारीक तंतू मानणाऱ्या सिद्धांतात, जादा मिती असतात त्या?

घडीमोड:
त्या बहुधा इतक्या बारीक गुंडाळलेल्या मानतात की अणूसुद्धा मावायचा नाही, तुमचं यान कुठलं!

आणखी एक. सापेक्षतेप्रमाणे प्रकाशाच्या पुढे जाता आलं की भूतकाळात निरोप धाडायची वाटही उघडते. बहुतेक लेखक त्यावर पांघरूण घालतात. तुम्हीही घाला, फक्त भाची ते उचलून बघेल.

लंबवर्तुळ:
शेजारचं अवकाश घेतो. दुपारचं जेवण यानातच होईल, तिथे नायिकेचं तिच्या सोबतिणीशी भांडण लावून देतो. पहिला खर्डा भाचीकडे.