अडॉल्फ लोस: अलंकाराला विरोध, मग संगमरवर कशासाठी?

(वास्तुकलेवरील चर्चेतला एक प्रश्न आणि त्याला आलेली तीन उत्तरे. प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे.)

आडभिंत (प्रश्न)

अडॉल्फ लोस (१८७०–१९३३) या वास्तुकाराविषयी वाचताना एक विसंगती खटकते. ‘अलंकार आणि गुन्हा’ या गाजलेल्या लेखात तो वापरातल्या वस्तूंवरील सजावटीला श्रम आणि पैसा यांची उधळपट्टी ठरवतो. परंतु व्हिएन्नातील मिखाएलरप्लाट्झ या चौकातल्या त्याच्या इमारतीचे (१९०९–११) खालचे मजले शिरांच्या हिरवट चिपोलिनो संगमरवराने मढवलेले आहेत आणि दर्शनी बाजूस त्याच दगडाचे चार टस्कन (साध्या, नक्षी नसलेल्या घाटाचे) स्तंभ उभे आहेत. याला साधेपणा कसे म्हणावे?

टाकीचा घाव

लोसचा आक्षेप दगडावर नव्हता, दगडावर कोरलेल्या वेलबुट्टीवर होता. वडील पाथरवट असल्यामुळे चांगले घडवलेले काम म्हणजे काय, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होते. त्याचे म्हणणे असे, की नक्षीची फॅशन सरली की वस्तू धडधाकट असूनही टाकून दिली जाते आणि कारागिराने तिच्यावर घालवलेले तास, ज्यांचा पुरेसा मोबदलाही त्याला मिळालेला नसतो, तिच्यासोबत वाया जातात. उत्तम दगडाची सपाट पाटी मात्र जुनाट दिसत नाही.

शिवाय आपण इमारतीच्या वरच्या मजल्यांकडेही पाहावे. खाली गोल्डमान आणि झालात्श या शिवणकाम व्यवसायाचे दालन, म्हणून तिथे श्रीमंती. वर राहण्याची घरे, म्हणून तिथे नुसता गिलावा, खिडक्यांभोवती एक पट्टीही नाही. समोरच हॉफबुर्ग राजवाडा असल्याने मोठा गदारोळ झाला, १९१० मध्ये महापालिकेने काम थांबवले आणि अखेर काही खिडक्यांखाली फुलझाडांच्या कुंड्या बसवून तडजोड झाली. लोक तिला ‘भुवया नसलेले घर’ म्हणत.

चौकट

टाकीचा घाव यांचे हे स्पष्टीकरण मला अर्धेच पटते. दगडाच्या शिरा जुळवून पाट्या बसवल्या, की त्या शिरा नक्षीचेच काम करतात. फरक एवढाच, की ती नक्षी निसर्गाने काढलेली असते. शिवाय ‘अलंकार आणि गुन्हा’ हा लेख केवळ अर्थशास्त्राचा नाही. पापुआतील माणसाच्या गोंदणापासून ‘सुसंस्कृत’ युरोपीयाच्या कोऱ्या वस्त्रापर्यंत लोसने जी शिडी उभी केली आहे, ती त्या काळच्या वांशिक गर्वातून आलेली आहे आणि आज तिचे समर्थन करता येणार नाही. तरीही त्याच लेखातला चांभाराचा उल्लेख मला महत्त्वाचा वाटतो. आपल्या जोड्यांवरची नक्षी लोस खपवून घेतो, कारण ती काढण्यातला आनंद हाच त्या कारागिराचा विरंगुळा आहे आणि तो काढून घेतल्यास बदल्यात देण्याजोगे आपल्याकडे काही नाही, हे त्याला कळते. लेखाच्या शीर्षकावर भांडणारे बहुतेकजण इथवर पोहोचतच नाहीत.

अर्धजिना

भिंतीच्या पृष्ठभागावरच चर्चा थांबली, तर लोसचे सर्वांत मोठे योगदान नजरेआड होईल. खोल्यांची उंची एकसारखी का असावी, हा त्याचा खरा प्रश्न होता. बैठकीची खोली उंच, वाचण्याचा कोपरा ठेंगणा, आणि दोन्ही चार-पाच पायऱ्यांनी जोडलेले, अशी मांडणी तो करत असे. हाइनरिख कुल्का या त्याच्या सहकाऱ्याने पुढे तिला ‘राउमप्लान’ (अवकाशाची आखणी) हे नाव रूढ केले. प्राग येथील म्युलर यांच्या घरात (१९२८–३०) ती पूर्णत्वाला गेली. बाहेरून ते घर पांढऱ्या ठोकळ्यासारखे दिसते. आत मात्र उंच दिवाणखान्याच्या एका बाजूस, वरच्या पातळीवर, घरमालकिणीची लहानशी खोली आहे आणि तिच्या आतल्या खिडकीतून खालचा दिवाणखाना दिसतो.

ल कॉर्ब्युझिए या वास्तुकाराने त्याच सुमारास एकावर एक सपाट मजले ठेवून प्रत्येक मजल्यावरील भिंती भार वाहण्यातून मोकळ्या केल्या. लोसने मजल्याची सपाट पातळीच मोडली. पहिली कल्पना जगभर पसरली, कारण ती बांधायला सोपी आणि स्वस्त होती. राउमप्लानचे प्रत्येक घर मात्र स्वतंत्रपणे रचावे लागते आणि ते केवळ तळ-आराखड्यावरून समजतही नाही. म्हणून आडभिंत यांनी म्युलर घराचा उभा छेद (घर वरून खाली कापल्यासारखे दाखवणारे चित्र) समोर ठेवावा, असे सुचवतो. तिथे दिवाणखान्याचा चिपोलिनो कठड्यांवर आणि खांबांवर चढलेला दिसेल, आणि एक पातळी कुठे संपते व दुसरी कुठे सुरू होते हे दाखवण्याचे काम तो करतो, हेही लक्षात येईल.