काळा पीट बदलला ते बरं झालं की उगाच?

मुक्काम_आइंडहोवन:
नोव्हेंबर आला की इथे नेदरलँड्समधल्या डच ग्रुपांवर तोच वाद, म्हटलं एकदा मराठीतही होऊन जाऊ दे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, सिंटरक्लास नावाचा पांढऱ्या दाढीचा बिशप स्पेनहून बोटीने येतो, ५ डिसेंबरला संध्याकाळी पोरांना गिफ्ट मिळतात आणि त्याच्या दिमतीला असतो 'झ्वार्ते पीट' म्हणजे काळा पीट. गोरी माणसं तोंडाला काळं फासून, कुरळा विग, लालभडक ओठ, कानात सोनेरी रिंगा असा अवतार करायची. आता बहुतेक ठिकाणी गालावर नुसते काजळीचे फराटे मारतात. माझ्या मते हे फार आधी व्हायला हवं होतं.

खवट_पुणेकर:
कशाला? पाच वर्षांच्या पोराला गुलामगिरी दिसते का त्यात, त्याला पेपरनोटन (या सणाची छोटी मसालेदार बिस्किटं) खायची असतात. पीट धुराड्यातून उतरतो म्हणून काळा, विषय संपला. जिथेतिथे वर्णद्वेष शोधायचा म्हटल्यावर सापडतोच.

सांडगी_मिरची:
@खवट धुराड्यातून आला तर मखमली कपड्यांना डाग कसा नाही हो? आणि ओठ कुठल्या काजळीने लाल झाले? अ‍ॅमस्टरडॅमचे शिक्षक यान शेंकमन यांच्या १८५० च्या पुस्तकात हा काळा नोकर आला, आणि सुरिनाम या आपल्या दक्षिण अमेरिकेतल्या वसाहतीतली गुलामगिरी डचांनी बंद केली १८६३ ला. म्हणजे तिकडे मळ्यावर माणसं राबतायत आणि इकडे पोरांच्या पुस्तकात हसरा नोकर.

रॉटरडॅमी_भाऊ:
इतिहास मान्य, पण लादलं कोणी ते पण बघा. २०१३ ला पीटच्या बाजूने फेसबुक पेज निघालं त्याला थोड्याच दिवसांत २० लाख लाइक, देशाची लोकसंख्याच तेव्हा पावणेदोन कोटीच्या आत. आणि २०२० ला त्याच फेसबुकने पीटचे असले फोटो टाकायला बंदी केली. कॅलिफोर्नियातली कंपनी ठरवणार डच पोरांनी काय बघायचं? आणि आपण तर इथे पाहुणे, कशाला नाक खुपसायचं.

मुक्काम_आइंडहोवन:
कंपनीने २०२० ला केलं हो, पण सुरुवात कोणी केली? २०११ ला दोर्द्रेख्त शहरात क्विन्सी गारिओ आणि जेरी आफ्रिये हे कार्यकर्ते 'काळा पीट म्हणजे वर्णद्वेष' लिहिलेले टीशर्ट घालून रस्त्यावर उभे राहिले तर पोलिसांनी उचललं. गारिओचा जन्म कॅरिबियनमधल्या क्युरासाओ बेटावरचा, म्हणजे डच राज्यातलाच की, तो पाहुणा कसा? उलट २०१७ ला काळ्या पीटविरोधी निदर्शक बसने डोक्कुम गावाला चालले होते तर पीटवाल्यांनी हायवेवर गाड्या आडव्या घालून बस अडवल्या, पुढच्या वर्षी त्यात ३४ जण दोषी ठरले. पोरांच्या सणासाठी हायवे बंद, वा रे मजा! रुटे पंतप्रधान असताना आधी म्हणायचे पीट काळाच असतो, तेच २०२० ला संसदेत म्हणाले की लहान मुलांनीच येऊन सांगितलं आम्हाला त्रास होतो, म्हणून माझं मत बदललं.

अम्स्टलवेनची_आई:
इतका वेळ नुसतं वाचत होते. माझी मुलगी सावळी आहे. पहिल्या वर्षी वर्गातल्या एका मुलाने अगदी निरागसपणे विचारलं, तू मोठी झाल्यावर पीट होणार ना, तुला रंग लावायलाच नको. तो पोरगा वाईट नव्हता हो, त्याने जे पाहिलं त्यावरून विचारलं. आता शाळेत फराट्यांचे पीट येतात, पोरं तेवढीच किंचाळतात, बुटात गाजर ठेवतात सिंटरक्लासच्या घोड्यासाठी, काही कमी झालेलं नाही.

खवट_पुणेकर:
शाळेने बदललं ते ठीक, तिथे सगळ्यांची पोरं असतात. पण एखाद्या खेड्यात सगळा गाव मिळून जुना पीट काढत असेल तर तिथे जाऊन घोषणा द्यायची काय गरज?

सांडगी_मिरची:
त्या खेड्यात एकच काळं कुटुंब राहत असेल तर? त्यांनी त्या दिवशी पडदे ओढून घरात बसायचं का?

रॉटरडॅमी_भाऊ:
ताई, मुलीबद्दल वाचून खरंच वाईट वाटलं, शाळेचं पटलं. फेसबुकच्या बंदीबद्दल मात्र मी हटणार नाही. उद्या हीच कंपनी आपल्या शिमग्याच्या सोंगांचे फोटो उडवेल, तेव्हा इथलेच लोक बोंब मारतील.