मदत हवी आहे : लिडारच्या आलेखात जमिनीलगतचा धूर का दिसत नाही?

कापूसपट्टा :
वणी परिसरातील आमच्या महाविद्यालयात सध्या एक लिडार (हवेत लेसरचा झोत सोडून, कणांवरून परतलेल्या प्रकाशावरून ते किती उंचीवर आहेत हे दाखवणारे यंत्र) बसवले आहे. संध्याकाळी शेतांत पऱ्हाट्या पेटवल्या की थंड हवेत धूर कडुनिंबाच्या शेंड्याइतक्या उंचीवर आडवा पसरतो, डोळे चुरचुरतात; आलेखात मात्र खालचा भाग स्वच्छ आणि वर कुठेतरी दाट थर दिसतो. यंत्राची काचही पुसून झाली. अहवाल याच आठवड्यात द्यायचा असल्याने नेमका उपाय सांगावा.

धूलिकण :
तरंगलांबी किती? दुर्बीण आणि लेसर एकाच अक्षावर आहेत की शेजारी-शेजारी? ‘खालचा भाग’ म्हणजे किती मीटर? एवढे कळल्याशिवाय उपाय कसा सांगणार?

बांधावरून :
लिडारने आमच्याकडे ड्रोनवरून नाल्याचे सर्वेक्षण झाले. चढउतार उत्तम मिळाले. जमिनीचाच अभ्यास असेल तर तेच करावे.

धूलिकण :
प्रश्न हवेतील कणांचा आहे, जमिनीच्या उंचसखलपणाचा नाही.

निरभ्र :
एवढी खटपट कशाला? कॅलिप्सो उपग्रहाची 532 आणि 1064 नॅनोमीटरची निरीक्षणे मोफत मिळतात.

धूलिकण :
ती मोहीम 2006 मध्ये सुरू होऊन 2023 मध्ये संपली; यंदाचा धूर त्यात कुठून येणार?

कापूसपट्टा :
532 नॅनोमीटर, दुर्बीण शेजारी. साधारण 300 मीटरपर्यंत काही दिसत नाही. दुरून परतणारा प्रकाश क्षीण होतो म्हणून संकेताला अंतराच्या वर्गाने गुणून झाले आहे, ते पुन्हा सुचवू नये.

धूलिकण :
मग दोष धुरात नाही आणि काचेतही नाही. शेजारी ठेवलेल्या लेसरचा झोत जवळच्या अंतरात दुर्बिणीच्या दृष्टिक्षेत्रात पूर्णपणे येत नाही, त्यामुळे तेथून परतलेल्या प्रकाशाचा थोडाच भाग नोंदला जातो आणि धुराने भरलेली हवाही आलेखात स्वच्छ भासते. पूर्ण व्याप्ती (म्हणजे झोत संपूर्णपणे दृष्टिक्षेत्रात येणे) सुरू होते त्या उंचीखालचे आकडे, दुरुस्ती केल्याशिवाय, अहवालात घेऊच नयेत. दुरुस्तीसाठी, हवा एकसारखी असताना यंत्र आडवे रोखून मोजणी करतात. अंतरदुरुस्त (अंतराच्या वर्गाने गुणलेल्या) संकेताचा लॉगॅरिदम दूरवर सरळ रेषेत उतरतो, ती रेषा जवळच्या अंतरापर्यंत मागे वाढवली की प्रत्यक्ष संकेत तिच्यापेक्षा किती कमी पडतो ते मिळते. धूर साचलेली संध्याकाळ यासाठी निरुपयोगी आहे.

रामनपंथी :
हे जुने झाले. नायट्रोजनचा 607 नॅनोमीटरचा रामन संकेत (हवेतील नायट्रोजनच्या रेणूंवरून तरंगलांबी बदलून परतणारा प्रकाश) घ्यावा. दोन्ही संकेत एकाच दुर्बिणीतून येत असल्याने गुणोत्तरात ही त्रुटी बहुतांशी कटते, शिवाय लिडार गुणोत्तर (कणांमुळे होणारी प्रकाशाची घट आणि त्यांच्यावरून मागे परतणारा प्रकाश यांचे प्रमाण) गृहीत धरावे लागत नाही.

धूलिकण :
तत्त्व मान्य, पण तो संकेत फार क्षीण असतो, मुख्यतः रात्रीच हाती लागतो, आणि त्यासाठी वेगळी वाहिनी (तेवढाच प्रकाश टिपणारा यंत्राचा भाग) लागते. ती यांच्याकडे आहे का, हे आपण विचारलेही नाही.

रामनपंथी :
नसेल तर मागवावी. गृहीतकांवर उभ्या आकड्यांना अर्थ काय?

कापूसपट्टा :
रामन वाहिनी नाही. यंत्र गच्चीवर आहे. आडवे केले तर झोत समोरच्या रस्त्यावर जाईल.

धूलिकण :
तर मुळीच करू नये. तो लेसर डोळ्यांना घातक ठरू शकतो. या अहवालात 300 मीटरच्या वरचेच निष्कर्ष द्यावेत, आणि जमिनीलगतच्या धुरासाठी गच्चीवर पीएम 2.5 (2.5 मायक्रोमीटरपर्यंतचे सूक्ष्म कण) मोजणारा साधा संवेदक ठेवावा.

निरभ्र :
संवेदक दमट हवेत जास्त आकडा दाखवतो, हेही अहवालात लिहावे.