मदत हवी आहे: पेडल, अँप की प्रोसेसर? (परळ, साडेचारशे फुटांचं घर, खाली झोपलेले आजोबा)

नमस्कार मंडळी,

जरा पाल्हाळ लावतो, कारण थोडक्यात विचारलं की सगळे फक्त "बजेट किती?" एवढंच विचारतात. (पंचवीस हजार. झालं?)

वय ४३. कॉलेजात गिवसनची अकूस्टिक होती, पाच कॉर्डवर सगळी गाणी निभावून नेली. पुढे नोकरी, लग्न, चाळीचा पुनर्विकास, सहा वर्षं भाड्याच्या घरात. गिटार माळ्यावरून माळ्यावर फिरत राहिली. मागच्या दिवाळीत बोनस हातात आला आणि आयुष्यात पहिल्यांदा इलेक्ट्रिक घेतली, सेकंडहँड स्क्वायर स्ट्रॅटोकास्टर. विकणाऱ्या मुलाने सोबत बॉस कंपनीचं डीएस-वन, ते केशरी पेडल (पायाने दाबून गिटारचा आवाज बदलायचा डबा), फुकट दिलं. फुकट का दिलं ते आता कळतंय.

अँप (गिटारचा आवाज मोठा करणारा स्पीकरचा डबा) नाही. म्हणून गिटार पेडलमध्ये आणि पेडल होम थिएटरमध्ये अशी जोडणी केलीय. साधा आवाज चालून जातो. पेडल दाबलं की मात्र डब्यात गांधीलमाश्या कोंडल्यासारखा आवाज. परवा बायको आतून ओरडली, "मिक्सरचं भांडं नीट बसलं नाहीये!" मिक्सर बंद होता.

दुसरं दुखणं म्हणजे सतत घूंऽऽ असा आवाज. तारांवर हात ठेवला की कमी होतो, हात काढला की परत सुरू.

आता घाईचं कारण. आमच्या इमारतीच्या गणपतीत पाचव्या दिवशी सांस्कृतिक कार्यक्रम असतो. कीबोर्ड, ऑक्टोपॅड, ढोलकी अशी मंडळी जमलीयत आणि मी जोशात "गिटार माझ्याकडे" म्हणून बसलोय. तीन गाणी आहेत. एकात स्वच्छ, जरा लाटा मारणारा आवाज हवा, एकात लांबलचक डिले (पडसाद), एकात डिस्टॉर्शन, म्हणजे फाटका आवाज. सराव शनिवारी अंधेरीला. प्रभादेवीहून स्लो पकडतो, तेव्हा जे काही घेईन ते पाठीवर मावायला हवं. घरी वाजवायला वेळ मिळतो तो रात्री दहानंतर, आणि खालच्या मजल्यावरचे आजोबा साडेनऊला झोपतात.

यूट्यूबवर बघत बसलो तर आधी ट्यूब स्क्रीमर (आवाज फाडणारं दुसरं पेडल) घ्यावासा वाटला, मग कोरस (त्या लाटांसाठी), मग डिले, मग रिव्हर्ब (घुमारा). बेरीज केली तर दुसरी गिटार आली असती. एकेक पेडल जमवू, छोटा अँप घेऊ की सरळ प्रोसेसर (सगळे इफेक्ट्स एकाच डब्यात)? आणि हे केशरी प्रकरण विकून टाकू का?

— सहावी तार


खरखरनाथ:

पेडल विकू नका. पेडलमध्ये खोट नाही, तुम्ही त्याला चुकीच्या घरी नांदायला पाठवलंय.

गिटार अँपमधला स्पीकर हिशेबाने बघितलं तर अपुरा असतो. साधारण पाच हजार हर्ट्झच्या वर तो फारसं काही वाजवतच नाही. डिस्टॉर्शन पेडल काय करतं, तर सिग्नलच्या लाटेचे माथे छाटतं. माथे छाटले की वरचे हार्मोनिक्स (मूळ सुराच्या वरचे उपसूर) ढिगाने तयार होतात, आणि त्यातली सगळ्यात टोचणारी किरकिर त्या पाच हजारांच्या वरची. गिटारचा स्पीकर ती गाळून टाकतो. होम थिएटर हे गाणी आणि सिनेमे ऐकायला बनवलेलं, ते वरपर्यंतचं सगळं इमानेइतबारे तुमच्या कानात ओततं. म्हणून गांधीलमाश्या. १९७८ पासून लोक डीएस-वन वापरतायत, तेही गिटार अँपच्या पुढ्यात.

प्रोसेसरमध्ये कॅबिनेट सिम्युलेशन असतं, म्हणजे तीच चाळणी, पण गणिताने लावलेली. म्हणून तो हेडफोनला, होम थिएटरला किंवा थेट साउंडवाल्याच्या मिक्सरला लावता येतो. उद्या कधी प्रोसेसर खऱ्या गिटार अँपच्या पुढच्या इनपुटला लावलात तर मात्र हे सिम्युलेशन बंद करा. दोन चाळण्या लागल्या की आवाज गोधडीखालून आल्यासारखा येतो. निम्मे लोक इथेच फसतात आणि प्रोसेसरला शिव्या घालतात.

तुमच्या अटी बघता आत्ता प्रोसेसर आणि बरा हेडफोन. तुमच्या बजेटात झूम जी-वन एक्स फोर, बॉस जीटी-वन अशी नावं बघा. नेमका भाव दुकानातच कळेल, तो रोज बदलतो.

अँपचं म्हणाल तर वॅटवर जाऊ नका. वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त तीन डेसिबलने चढतो. कानाला दुप्पट मोठं वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. म्हणजे ५ वॅटच्या अँपपेक्षा ५० वॅटचा अँप ढोबळमानाने दुप्पटच मोठा, दहापट नव्हे. बॉसच्या कटाना ५० ला ५० वरून २५ आणि थेट अर्ध्या वॅटवर आणायची सोय आहे, हेडफोन लावता येतो, आत इफेक्ट्सही आहेत. घरासाठी उत्तम. पण अकरा-बारा किलोचा तो ठोकळा घेऊन संध्याकाळच्या स्लोमध्ये चढणार असाल तर आधी विमा काढा.

आणि आज रात्रीच एक करून बघा. नॉब घड्याळाचा काटा समजा: डीएस-वनचा डिस्टॉर्शनचा नॉब नऊ वाजता, टोन दहा-अकराच्या मध्ये, लेव्हल बारा-एकला. बहुतेक लोक तिन्ही नॉब पाच वाजवून ठेवतात.


नळीभक्त:

व्हॉल्व्ह अँप (जुन्या रेडिओसारखा, काचेच्या नळ्यांचा) घ्या, बाकी सगळे सल्ले कचऱ्यात टाका. फेंडर ब्लूज ज्युनिअर, १५ वॅट, १२ इंची एकच स्पीकर. प्रोसेसर म्हणजे चहाऐवजी चहाचा फोटो.


खरखरनाथ:

नळीभक्त, तुमचं दु:ख कळतं, पण व्हॉल्व्हची गोडी अँप थोडा ओरडायला लागल्यावर येते. १५ वॅटचा व्हॉल्व्ह अँप साडेचारशे फुटांत ओरडला तर आजोबांच्या आधी भोईवाड्याचे पोलीस येतील. आणि त्यांचं बजेट पंचवीस हजार आहे हो.

सहावी तार, कुणी अमेरिकेतल्या भावाकडून अँप मागवायला सुचवेल, त्यालाही भुलू नका. तिथे १२० व्होल्ट, आपल्याकडे २३०. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मरशिवाय लावलात तर पहिल्याच दिवशी धूर.


मीटरबॉक्स:

भाऊ, पेडलचं या दोघांवर सोडते, त्या घूंऽऽबद्दल बोलते. नोकरीच विजेची आहे.

स्ट्रॅटचे पिकअप (तारांचं कंपन पकडून त्याचा सिग्नल करणारे) सिंगल कॉइल असतात. तांब्याची बारीक तार हजारो वेढे गुंडाळलेली; ती घरातल्या ५० हर्ट्झ विजेची घरघर अँटेनासारखी ओढून घेते. फिरता फिरता चार दिशांना तोंड करून वाजवून बघा, एखाद्या दिशेला आवाज बराच पडेल. पंख्याचा रेग्युलेटर, स्वस्त एलईडी दिवे आणि लॅपटॉपचा चार्जर एकेक करून बंद करून बघा. पिकअप निवडायचा सिलेक्टर दुसऱ्या किंवा चौथ्या जागेवर ठेवल्यावर घूं गायब झाली, तर मधला पिकअप उलटा गुंडाळलेला आहे, नशीबवान आहात. तारांना हात लावल्यावर कमी होणं नॉर्मल आहे.

नॉर्मल काय नाही, तर तारांना हात लावल्यावर बारीक झिणझिणी येणं. किंवा गाताना माइकला ओठ लागल्यावर चटका बसणं. तसं काही झालं तर वाजवणं तिथेच थांबवा आणि वायरमनला बोलावून अर्थिंग तपासा. "घूं जाते" म्हणून तीन पिनच्या प्लगची मोठी पिन काढून टाकणारे महाभाग मी पाहिलेत. ती पिन जीव वाचवायला असते.


बेंजोवाला लालबाग:

दादा, मी गिटारवाला नाही, बेंजो पार्टीत वाजवतो. पण मिरवणूक आणि मांडव दोन्हीचा अनुभव आहे म्हणून सांगतो.

घरी हेडफोनवर बनवलेला टोन मांडवात सापडत नाही. घरी आपण बेस आणि ट्रेबल वाढवून मिड (मधले सूर) खाली करतो, छान भरदार वाटतं. स्टेजवर खाली ढोलकी-ऑक्टोपॅड, वर कीबोर्ड, आणि तुम्ही मधे असायला हवं तर मधलंच तुम्ही काढून टाकलेलं. डीएस-वनचा स्वभावही मधलं खाणारा आहे. म्हणून ट्यूब स्क्रीमरवाले गर्दीत ऐकू येतात, तो मधलं पुढे काढतो. प्रोसेसरवर मिड वाढवा, गेन (फाटकेपणा) घरच्यापेक्षा कमी, रिव्हर्ब अर्धा. मांडव स्वतःच घुमतो.

तिन्ही गाण्यांचे पॅच (ठरवून ठेवलेले टोन) एकामागोमाग सेव्ह करा आणि लेव्हल मोठ्या स्पीकरवर जुळवा. हेडफोनवर सारखे वाटणारे पॅच तिथे एक कुजबुजतो, दुसरा किंचाळतो.

पेडल वेगळी लावलीत तर क्रम: डिस्टॉर्शन आधी, कोरस मग, डिले-रिव्हर्ब शेवटी. उलटं केलंत तर डिलेच्या प्रत्येक पडसादावर डिस्टॉर्शन चढतं आणि सगळा चिखल होतो.

अडॅप्टर सोबत आलेलाच वापरा. पेडलच्या ९ व्होल्टच्या पिनला बहुतेक वेळा मधे मायनस असतो, राउटरच्या अडॅप्टरला बहुधा मधे प्लस. घाईत कुणाचा तरी लावून दोन पेडल मारलीयत आमच्या पोरांनी. आणि डीएस-वन बॅटरीवर असेल तर वाजवून झाल्यावर इनपुटची केबल उपसून ठेवा, नाहीतर बंद पेडलमध्येही बॅटरी रात्रभर गळत राहते.

भाद्रपद आहे, पाऊस धरूनच चला. ताडपत्रीचं पाणी नेमकं वायरवर पडतं. झाकणवाला डबा, त्यात बुटांच्या खोक्यातल्या त्या सिलिकाच्या पुड्या. साउंडवाल्याला चार दिवस आधी फोन करून सांगा की गिटार थेट लाइनला येणार, डीआय बॉक्स (गिटार थेट मिक्सरला जोडायचा डबा) आण.


सहावी तार (पंधरा दिवसांनी):

सगळ्यांचे मनापासून आभार, मीटरबॉक्सताईंचे जास्त. वायरमन आला, हॉलचा सॉकेट उघडला, तर अर्थची वायर मागे तशीच लोंबत होती. नव्या टॉवरमध्ये! बिल्डरला काय बोललो ते इथे लिहिता येणार नाही. आता घूं बरीच कमी झालीय, उरलेली पंख्याच्या रेग्युलेटरची निघाली.

धोबीतलावला फुर्टाडोजमध्ये माझीच गिटार घेऊन गेलो. दुकानातली गिटार छानच वाजते, त्याचा काय उपयोग. कटाना अर्ध्या वॅटवर ऐकला आणि पाच मिनिटं उठवेना. मग उचलून बघितला आणि परत ठेवला. शेवटी झूम घेतला. आत ताल आणि लूपर (वाजवलेलं परत परत ऐकवणारा) निघाला, मुलगी त्याच्यावर तबला समजून बडबडगीतं म्हणते.

डीएस-वन नऊ वाजता ठेवून झूमच्या आधी लावलं. गांधीलमाश्या गेल्या. बायको म्हणाली, आता मिक्सर ठीक वाटतोय.

एकच शंका उरलीय, बेंजोवाले दादा. हा प्रोसेसर चार पेन्सिल सेलवरही चालतो. कार्यक्रमात सेलवर चालवू की अडॅप्टरवर?


बेंजोवाला लालबाग:

अडॅप्टर लावा आणि नवे सेल आत घालून ठेवा. मागच्या वर्षी आरती संपता संपता कुणीतरी माझा प्लग उपसून तिथे मोबाइल चार्जिंगला लावला होता.